माझा सिम्युलेटर चुकत नाही

९ फेब्रुवारी

चिप आली एकदाची. दीड वर्षं हिच्या नावानं बोटं मोडत होते आणि आली तर अंगठ्याच्या नखाएवढी, तीही काळ्या ठोकळ्यात बंद. दुरुस्तीकाकांनी ती चिमट्यानं उचलून बोर्डावर बसवली तेव्हा आम्ही सगळे श्वास धरून उभे. काका म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. तीस वर्षं इथे आहेत आणि विभागात बंद पडलेली प्रत्येक वस्तू शेवटी त्यांच्याच टेबलावर येते, म्हणून हे नाव.

वही आजच सुरू करतेय, कारण पुढचे साडेचार महिने कसोटीचे आहेत आणि कोण काय म्हणालं होतं हे नंतर मला आठवत नाही. घरी यावरून नेहमी वाजतं. पीएचडीचं सहावं वर्ष. तीस जूनच्या आत तोंडी परीक्षा झाली नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात.

माझा विषय सॉफ्टवेअर रेडिओ. रेडिओच्या पोटातले सुटे भाग जे काम करायचे ते सगळं प्रोग्रॅमनं करायचं, म्हणजे एकच यंत्र आज हा रेडिओ, उद्या तो. त्यासाठी ही खास चिप. तिच्यात आठ कामकरी, म्हणजे एकाच वेळी आपापली गणितं करणारे आठ भाग, आणि मेमरीचे चार कप्पे. हवेतला सिग्नल एकेका मिलिसेकंदाचा तुकडा होऊन आत येतो, आणि पुढचा तुकडा दारात यायच्या आत आधीचा संपवायचा, एवढाच नियम. मिलिसेकंद म्हणजे हजार मायक्रोसेकंद. त्यातच सगळा संसार.

मी दोन गोष्टी केल्या. चिप तयार होण्याआधी तिची नक्कल करणारा प्रोग्रॅम, म्हणजे सिम्युलेटर. आणि कुठल्या कामकऱ्यानं कधी काय करायचं हे ठरवणारा दुसरा प्रोग्रॅम, त्याला मी 'वाटप' म्हणते. वाटप शेकडो रचना करून बघतं, सिम्युलेटर प्रत्येकीचा वेळ सांगतो, सगळ्यात चटपटीत ती ठेवायची. सिम्युलेटरप्रमाणे एक तुकडा सातशे ऐंशी मायक्रोसेकंदांत होतो. त्यावर माझा शोधनिबंध छापून आलाय आणि 'नेहमीच्या रचनांपेक्षा चाळीस टक्के वेगवान' हे शब्द माझ्या मार्गदर्शक सरांनी कुठे कुठे म्हणून सांगायचे ठेवलेले नाहीत. परवा प्रत्यक्ष लावून बघायचं. मला तर आत्ताच पेढे वाटल्यासारखं वाटतंय.

११ फेब्रुवारी

रेडिओ लावला. हवामानाचा अंदाज चालू होता. बाई छान खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उद्या आकाश अंशतः," आणि तुटलं. अर्धा सेकंद शांतता. मग "पश्चिमेकडून येणारे", पुन्हा तुटलं. दर अडीच सेकंदांनी. काकांनी मोजलं: एका तुकड्याला बाराशे दहा मायक्रोसेकंद. काम संपत नाही, तुकडे साचत जातात, साठवणीत चारशे चाळीस झाले की जागा संपते, मग चिप सगळं टाकून देऊन नव्यानं सुरू होते.

सर उठले. चष्मा पुसत बाहेर गेले. ते चष्मा पुसतात तेव्हा मला वाटतं त्यांनी सरळ ओरडावं.

१२ फेब्रुवारी

चिप खराब आहे. प्रश्नच नाही.

१७ फेब्रुवारी

महाराणींशी वाजलं. महाराणी म्हणजे जिनं ही चिप आखली ती. शेजारच्या विभागात असते. दहा म्हणजे दहाला येते, इस्त्रीची घडी मोडत नाही आणि आवाज कधी चढत नाही, त्यामुळे भांडताना समोरच्याचाच चढतो.

मी म्हटलं, "तुमच्या चिपमध्ये काहीतरी घोळ आहे."

"असू शकेल," ती म्हणाली. "बघू या. तुमच्या सिम्युलेटरमध्ये कप्प्यावरचं थांबणं धरलंय ना? दोन कामकरी एकाच वेळी एका कप्प्याकडे आले तर एकाला थांबावं लागतं, ते?"

मला हेच तर झोंबतं. मी म्हटलं, "अहो, दुसऱ्याच वर्षी लिहिलंय ते. पहिला धडा आहे तो या विषयातला."

"लिहिलंय, ते ठाऊक आहे मला. चालू आहे ना, एवढंच विचारतेय."

चालू आहे ना म्हणे! जसं काही मी दिवा लावायला विसरले. मी उठून आले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

२६ फेब्रुवारी

काकांकडून दुसऱ्या बोर्डावर दुसरी चिप लावून घेतली. बाराशे दहा. वीजपुरवठा बदलला. बाराशे दहा. चिप तापत असेल म्हणून पंखा लावला. बाराशे दहा. तिसरा बोर्ड, तिसरी चिप. तोच आकडा, एक इकडे नाही की तिकडे नाही.

काका म्हणाले, "ताई, खराब वस्तू अशी वागत नाही. खराब वस्तू रोज वेगळं नाटक करते. ही तर शाळेतल्या हुशार मुलीसारखी एकच उत्तर देतेय."

मी म्हटलं, "तिन्हींना एकच रोग आहे, काका. म्हणजे आराखड्यातच रोग आहे." किती सरळ आहे! काकांनी मान हलवली, पण होकाराची होती असं काही म्हणता येणार नाही.

५ मार्च

आठवडाभर लिहिलं नाही. महाराणीच्या आराखड्याची चारशे पानं वाचतेय, डोळ्यांत तेल घालून. अजून चूक सापडलेली नाही, पण चूक लपलेली असते म्हणूनच ती चूक.

नवऱ्याला ऑफिसातून आठ महिन्यांच्या प्रशिक्षणाला बाहेर पाठवणार होते. बारगळलं म्हणाला. बरं झालं. या दिवसांत भिंगरीची शाळा, डबा, ताप, सगळं कुणी बघितलं असतं? भिंगरी म्हणजे लेक, सहा वर्षांची, एका जागी ठरत नाही. सकाळी तिची वेणी तोच घालतो हल्ली. वाकडी घालतो, पण ती काही म्हणत नाही. तोही काही म्हणत नाही. घरचं तेवढं सुरळीत आहे, देवाची कृपा.

१४ मार्च

सरांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "एक सुचवू का? परीक्षेच्या दिवशी हवेतला सिग्नल कशाला? आधी साठवून ठेवलेला द्या, जरा सावकाश. चिपला हवा तेवढा वेळ मिळेल. आवाज न तुटता येईल. परीक्षकांना आवाज ऐकू आल्याशी कारण."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"विचारलं तर सांगू. न विचारता सांगायची सक्ती कुठे आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

खरं सांगायचं तर पोटात गार वाटलं. तीन महिने शांत झोप. पण मग चिडले. का म्हणून? चूक चिपची आणि मूठ मी झाकायची? म्हटलं, "सर, मी सिद्ध करीन की चिप खोटी आहे. मग उघडपणे सांगू." सरांनी चष्मा पुसला.

२४ मार्च

आज काकांनी मला टेबलाशी बोलावलं आणि आलेखाचा कागद पसरला. गेले अठरा दिवस, मला न सांगता, चहाच्या सुट्टीत त्यांचं हे चाललं होतं. आमच्या रेडिओच्या कामात एकतीस पायऱ्या आहेत. काकांनी प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पायरीला एक खूण घातली: पायरी सुरू झाली की चिपची एक पिन वर, संपली की खाली. आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एकेक पायरी मोजली. निळ्या पेनानं चिपचा वेळ, लाल पेनानं माझ्या सिम्युलेटरचा.

तेवीस पायऱ्यांत निळं आणि लाल एकावर एक. केसाचाही फरक नाही. उरलेल्या आठांत निळं लांबच लांब.

काका म्हणाले, "आराखड्यात रोग असता तर सगळीकडे दिसला असता ना, ताई? ही आठ ठिकाणीच रुसते. या आठांत वेगळं काय आहे ते तुम्हालाच ठाऊक."

मी कागद घरी आणलाय. आठही पायऱ्यांत दोन किंवा तीन कामकरी एकाच कप्प्याकडे जातात. म्हणजे चिपमधलं कप्प्याचं दारच खराब आहे! सापडला रोग. उद्या माझ्या सिम्युलेटरमधलं तेच पान उघडून महाराणीला शेजारी बसवते आणि दाखवते की असं करायचं असतं.

२५ मार्च

महाराणीला बोलवायच्या आधी एकदा आपण बघून घ्यावं म्हणून पान उघडलं. बरं झालं, एकटी होते.

थांबण्याची मोजणी तिथे आहे. मीच लिहिली आहे, दुसऱ्या वर्षी, आणि छान लिहिली आहे. तिच्या वर एक ओळ आहे, जी ती बंद करते. त्या ओळीवर टीप: "तात्पुरतं बंद. निबंध पाठवला की चालू करणे." खाली माझी आद्याक्षरं. तारीख साडेतीन वर्षांपूर्वीची.

आता सगळं आठवतंय. मोजणी चालू असली की सिम्युलेटरला एका फेरीला अकरा तास लागायचे. बंद केली की चाळीस मिनिटं. निबंध पाठवायला चार दिवस होते आणि भिंगरीला गोवर निघाला होता. म्हटलं, आठवडाभराचा प्रश्न आहे. निबंध पाठवला, तो स्वीकारला गेला, सरांनी पाठ थोपटली, आणि ती ओळ तशीच राहिली.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. वाटप सिम्युलेटरकडूनच शिकतं. थांबणं फुकट आहे म्हटल्यावर ते खुशाल सगळ्यांना एकाच कप्प्यावर धाडत राहिलं. माझा चाळीस टक्के वेग म्हणजे त्या बंद ओळीची कमाई होती. रचना जितकी खोटी, तितका तिला जास्त मान मी दिला. साडेतीन वर्षं.

आणि हे महाराणीनं मला सतरा फेब्रुवारीला विचारलं होतं. चालू आहे ना, म्हणून.

२६ मार्च

गेले नाही. घरातले सगळे पडदे धुतले. स्वच्छ होते, तरी धुतले.

२८ मार्च

नवऱ्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चला, सापडलं ना? सुटलीस."

मला राग आला. म्हटलं, "सुटलीस काय? सहा वर्षं गेली माझी. तुला बोलायला काय जातंय? तुझं ऑफिस सुरळीत, तुला कुठे काही सोडावं लागलंय?"

तो भांडी पुसत होता. फडकं खाली ठेवलं. "प्रशिक्षण बारगळलं नव्हतं. मी नाही म्हटलं. मागच्या वर्षीही म्हटलं होतं. आणि दीड महिना तू चिपला शिव्या घालत घरी येतेस, तेव्हा नाचता येईना अंगण वाकडं, हे तोंडावर येऊन मी गिळलंय."

"सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कधी?"

मी म्हटलं, विचारलं होतं. मग ही वही काढून पाच मार्चचं पान पाहिलं. तिथे लिहिलंय, "बरं झालं." एवढंच. लाज वाटली, आणि ती दुसऱ्या कुणावर ढकलता येत नव्हती. त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "चुकलं माझं. तिसऱ्यांदा विचारतील का ते?" तो म्हणाला, "माहीत नाही. विचारून बघतो." मग आम्ही दोघांनी मिळून उरलेली भांडी पुसली.

३० मार्च

महाराणीच्या खोलीत गेले. उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर रडले असते. "मोजणी बंद होती. साडेतीन वर्षं. तुम्ही विचारलंत आणि मी उर्मटपणा केला. माफ करा."

ती उठली. मग कपाटातून एक जुनी फाइल काढली. पहिल्या आराखड्यात मेमरीचे सहा कप्पे होते. सहावर काट, वर चार. समासात तिचं अक्षर: "सिम्युलेटरनुसार चार पुरेसे. जागा वाचते." आणि खाली माझ्या निबंधातला तक्ता चिकटवलेला.

मी खाली बसलेच.

म्हणजे नुसता आकडा नाही चुकला. माझी चूक साच्यात ओतून, पक्की करून, दीड वर्षं थांबून आम्ही सगळ्यांनी परत मागवली. चिप बिचारी खरंच बोलत होती. तिला कमी पाडलं ते मी.

म्हटलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"संशय फेब्रुवारीत आला. पण तुझ्यावर विश्वास ठेवून मीच काट मारली होती ना? मग मलाही तुझं बरोबर निघायला हवं होतं. म्हणून एकदाच विचारलं आणि गप्प बसले. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं." मग म्हणाली, "अगं, पाणी पी आधी."

अगं म्हणाली. मीही तिला आता तू म्हणायचं ठरवलंय. पुढे कसं करायचं तेही ठरवलंय: मोजणी चालू करायची, वाटप नव्यानं, पहिल्यापासून. तीन महिने आहेत. रडायचं असेल तर जुलैत रडेन.

३१ मार्च

सरांना सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "कुणाकुणाला माहीत आहे?"

"काका, महाराणी, माझा नवरा. आणि आता नियतकालिकाला कळवणार आहे, निबंधातले आकडे चुकीचे आहेत म्हणून."

"तीन महिने थांबता येणार नाही? परीक्षेनंतर?"

"तेव्हाही असंच वाटेल, सर. आठवडाभराचा प्रश्न आहे असं."

त्यांनी आज चष्मा पुसला नाही. काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. "विचार करून सांगतो," म्हणाले. निबंधावर त्यांचंही नाव आहे. पदवी मिळो न मिळो, पत्र जाणार. हे मी त्यांना बोलले नाही, पण चेहऱ्यावर असावं.

४ एप्रिल

चार दिवस सरांचा पत्ता नाही. आज टेबलावर माझ्या पत्राचा मसुदा, लाल पेनानं तपासलेला. म्हटलं, आता हे मऊ करायला सांगणार. बघते तर मी लिहिलं होतं, "अनवधानाने मोजणी बंद राहिली." सरांनी 'अनवधानाने' खोडून 'दुर्लक्षामुळे' केलंय. 'माझ्या'च्या जागी 'आमच्या'. खाली सही करून टाकलीये.

माणसांबद्दलचे माझे अंदाजही मी मोजणी बंद ठेवूनच बांधते की काय, कोण जाणे. पत्र धाडलं.

१९ एप्रिल

एक फेरी अकरा तास. संध्याकाळी निघताना लावायची, सकाळी येऊन उत्तर बघायचं. रोज एकच प्रश्न विचारता येतो, त्यामुळे प्रश्न नीट विचारायची सवय लागतेय. आधी चाळीस मिनिटांत उत्तर यायचं, म्हणून तोंडाला येईल ते विचारायचे.

नवा सिम्युलेटर खरा आहे का, हे आधी बघितलं. जुनीच रचना त्याला दिली. उत्तर आलं: बाराशे दहा. काका निळं पेन ठेवून हसायला लागले. म्हणाले, "ताई, आता तुमचं आणि चिपचं जमलं म्हणायचं." मी मात्र हसले नाही. पहिल्या दिवशी हाच आकडा माझ्याकडे असता तर सहा कप्प्यांची चिप आली असती.

३ मे

नवऱ्याला ऑफिसनं तिसऱ्यांदा विचारलं. आठ नाही, दोन महिन्यांचं प्रशिक्षण. आज गेला. निघताना भिंगरीची वेणी कशी घालायची ते मला समजावत होता. मला! मी म्हटलं, "जा रे बाबा, मला येते." येत नाही असं निघालं. वेणी घालून झाल्यावर भिंगरी म्हणाली, "आई, बाबाची वाकडी असते पण दुखत नाही."

वाटप: अकराशे तीस.

१७ मे

एक हजार नव्वद. महाराणी रोज दुपारी तासभर येते. कुठला कामकरी क्षणभर आधी पाठवला तर दार मोकळं सापडेल, यावर आमचा खल चालतो. इस्त्रीच्या बाहीला आज शाई लागली तिच्या. तिनं बघितलं आणि तशीच लिहीत राहिली.

भिंगरीला सुट्टी लागलीय, ती दिवसभर माझ्याच टेबलाखाली बसते. विचारते, "तुझी चिप अजून आजारी आहे?" काका म्हणाले, "चिप ठणठणीत आहे, राणी. डॉक्टर नवीन आहेत."

१ जून

एक हजार चाळीस. आणि तिथेच अडलंय. अकरा दिवस, अकरा रचना, हलत नाही. चाळीस मायक्रोसेकंद! डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात असे हजारो मायक्रोसेकंद निघून जातात. चिपचा वेग वाढवता येत नाही, ती आधीच धापा टाकतेय. एखादी पायरी गाळली तर तो त्या प्रकारचा रेडिओच राहत नाही. हे सगळं करून बघितलं.

नियम हजाराचा. एक हजार चाळीस म्हणजे नापास. टेबलावर डोकं ठेवून बसले होते तर काका चहा ठेवून गेले.

६ जून

आज वाटप बाजूला ठेवलं आणि कागद-पेन्सिल घेतली. प्रश्न उलटा केला. उत्तम रचना शोधायचीच नाही. चार कप्प्यांच्या चार दारांतून एका तुकड्यामागे किती माल जायलाच हवा, आणि त्याला कमीत कमी किती वेळ लागेल? महाराणीनं आणि मी वेगवेगळं मांडलं. दोघींचं उत्तर एक: एक हजार एकतीस.

म्हणजे जगातला कितीही हुशार माणूस आला तरी या चिपवर हजाराच्या आत हे काम होणार नाही. होणारच नाही. माझी रचना त्या तळापासून नऊ मायक्रोसेकंदांवर आहे.

हसावं की रडावं कळेना. आम्ही दोघी आधी हसलो. मग महाराणी म्हणाली, "म्हणजे तू सिद्ध केलंस की माझी चिप हे काम करूच शकत नाही. फेब्रुवारीत हेच म्हणत होतीस." मी म्हटलं, "फेब्रुवारीत मी मूर्ख होते." ती म्हणाली, "तेही सिद्ध झालंय."

१५ जून

परीक्षा सत्तावीसला. सर विचारत होते, साठवलेला सिग्नल शेजारच्या टेबलावर तयार ठेवायचा का, अगदी वेळ पडली तर. नको म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "मग दाखवणार काय? तुटणारा रेडिओ?"

"हो, सर. पण तो केव्हा तुटेल ते आधी सांगून."

माझा विषय सिम्युलेशन आहे. नक्कल खरी असेल तर बिघाडसुद्धा घड्याळाच्या काट्यावर यायला हवा. एक हजार चाळीसला तुकडे किती वेगानं साचतात, चारशे चाळीसची साठवण केव्हा भरते, सगळं काढता येतं. सरांनी पेन घेऊन गणित मांडून बघितलं. म्हणाले, "एक दशांश सेकंद चुकलात तर संपलं, हे कळतंय ना?" कळतंय. पण ठरलंय.

२७ जून

बाहेरचे परीक्षक जुन्या पिढीतले, बारीक, कमी बोलणारे. पहिलाच प्रश्न, "निबंधातले आकडे मागे घेतलेत. मग राहिलं काय?"

म्हटलं, "दाखवते." काकांनी हवेतला सिग्नल जोडला. हवामानाच्या बाई सुरू व्हायला अजून मिनिट होतं. मी फळ्यावर लिहिलं: ११.४. आणि म्हणाले, "हा रेडिओ सुरू केल्यापासून अकरा पूर्णांक चार सेकंदांनी तुटेल. मग दर वेळी तसाच. आधी तुटला, उशिरा तुटला किंवा तुटलाच नाही, तर माझा प्रबंध खोटा आहे. मग मला पदवी देऊ नका."

सरांनी डोळे मिटले. परीक्षकांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. काकांनी कळ दाबली.

बाई बोलायला लागल्या. आठ सेकंद, नऊ. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं यंत्र बंद पडावं म्हणून देवाला हात जोडत होते. दहा. महाराणीनं माझं मनगट इतकं आवळलं की अजून वळ आहे. अकरा. बाई म्हणत होत्या, "वाऱ्याचा वेग ताशी," आणि खोली गप्प झाली.

अर्धा सेकंद. कुणी हललं नाही. मग बाई पुढचं वाक्य बोलू लागल्या.

परीक्षक म्हणाले, "पुन्हा." पुन्हा तुटला. तिसऱ्या वेळी त्यांनी घड्याळाकडे बघत स्वतःच बोट वर केलं, खाली आणलं, आणि बोटाबरोबर आवाज गेला. ते हसले. दात किती कमी आहेत ते तेव्हा दिसलं.

मग गंभीर झाले. "चार कप्पे पुरणार नाहीत, हे तुम्ही सिद्ध केलंत. पण मुळात चार ठेवायचा निर्णय कुणाचा?"

महाराणीनं तोंड उघडलं होतं. मी आधी बोलले. "माझा. आकडा माझा होता. तपासणी बंद ठेवून काढलेला. यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

सगळे माझ्याकडे बघत होते. भीती वाटली नाही. नवल आहे, पण नाही वाटली.

"मग पुढच्या चिपमध्ये किती ठेवायचे?"

"सहा वाटतंय."

"नक्की?"

फेब्रुवारीतली मी छाती पुढे काढून नक्की म्हणाले असते. म्हटलं, "आत्ता सिम्युलेटर लावते, सर. अकरा तास लागतात. उद्या सकाळी सांगितलं तर चालेल?"

परीक्षकांनी फळ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि पेन काढून पहिल्या पानावर सही केली. म्हणाले, "चालेल, डॉक्टर. सकाळी फोन करा."